पाणीगेटहून रणाकडे

(मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात, १ मे २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला सांगितलं, ‘तुम्ही फटफटीवरून कच्छला जाऊन आलात, त्याच्यावर अर्धा तास बोला.’ आम्ही पाच जण गेलो होतो. माईकपुढे एकच उभा असला तरी बोलणं पाचही जणांचं आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ असंच म्हणू. चुका झाल्या त्याही पाचांच्याच आहेत. त्यातली एक मोठी आहे आणि ती आज सांगायची, असं ठरवूनच आलो आहोत.

पाच जण म्हणजे कोण? बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका, वय ६१. त्यांची जुनी बुलेट. मधल्या वयाचे भाऊ आणि वहिनी, दोघांत मिळून एक गाडी, आणि दोघंही चालवणारे. एक शिक्षक. आणि सगळ्यांत धाकटा, वय २४, नोकरीच्या पहिल्या वर्षात हप्त्यावर घेतलेल्या हिमालयनवर. चार गाड्या, पाच माणसं. सगळे पाणीगेटच्या आतले-बाहेरचे. कुणाच्या घरी पूर्वी राजदूत होती, कुणाकडे येझदी; म्हणजे वेड घराण्यातच आहे.

जायचं कसं ठरलं, ते सांगतो. मागच्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टअखेर, आपल्या विश्वामित्रीला पूर आला. त्या दिवसांबद्दल या सभागृहात कुणाला काही सांगायला नको. गणपती जवळ आले होते आणि शहर चिखलात होतं. धाकट्याची गाडी समाकडे मित्राच्या घराखाली उभी होती. ती दोन दिवस पाण्यात राहिली. इंजिनातलं ऑईल काढलं तर ते दुधाळ चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. तीन वेळा ऑईल बदललं, सायलेन्सर सोडवून पाणी काढलं, एअर फिल्टर नवा घातला, वायरिंग वाळवलं. गाडी सुरू झाली, पण तिच्यावर भरवसा बसेना. काका म्हणाले, ‘लांबचा पल्ला काढल्याशिवाय कळायचं नाही. दिवाळीनंतर कच्छला जाऊ.’

आता एक गंमत बघा. ज्या पावसाने आपल्याला बुडवलं, तोच पाऊस पुढे कच्छला गेला. गुजरातवर बसलेला तो कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला सरकत गेला, कच्छवर बरसला आणि ३० ऑगस्टला अरबी समुद्रावर पोचून ‘आसना’ नावाचं चक्रीवादळ झाला. जमिनीवरून समुद्राकडे जाऊन तिथे वादळ होणं, तेही ऑगस्टात, ही क्वचित घडणारी गोष्ट. म्हणजे आम्ही आपल्याच पुराच्या मागोमाग निघालो होतो, फक्त दोन महिने उशिरा.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली. ४ तारखेला पहाटे पाचला आम्ही पाणीगेटला जमलो. खरं तर हा दरवाजा शहराच्या पूर्वेचा. त्याच्यातून बाहेर पडलं की आजवा रोड लागतो, तो सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेल्या सरोवराकडे जातो. आम्हाला जायचं होतं नेमकं उलट, पश्चिमेला. पण नारळ पाणीगेटलाच फोडला. काकूंनी पाचही जणांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि थेपल्यांचा डबा दिला. वाक्य एकच : ‘पाणी पीत राहा.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगून ठेवतो. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तिकडे वळूच नका. वासदला मही ओलांडायची, तारापूर, बगोदरा, लिंबडी, ध्रांगध्रा, हळवद, माळिया आणि मग सुरजबारीचा पूल. पूल ओलांडला की कच्छ. भुजपर्यंत चारशे किलोमीटरच्या वर होतात. ध्रांगध्य्राच्या पुढे छोट्या रणाची कड लागते, घुडखरांचं अभयारण्य तिकडेच. सुरजबारीला दोन्हीकडे मिठागरं आणि आडवा वारा. हा वारा गाडी चक्क बाजूला ढकलतो. अशा वेळी हँडल आवळून धरायचं नसतं; हात सैल, गुडघे टाकीला घट्ट आणि वेग कमी. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना तर जास्तच सांभाळायचं. संध्याकाळी भुजला पोचलो. पुरातली गाडी एकदाही बंद पडली नाही. धाकट्याने तिला हार घातला.

दुसऱ्या दिवशीचं ठिकाण होतं कडिया ध्रो. नखत्राणा तालुक्यात, भुजच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर. ‘ध्रो’ म्हणजे डोह, गुजरातीतला ‘धरो’. कच्छबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. २०२१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वाचकांनी सुचवलेल्या आवडत्या ५२ जागांची यादी छापली, तीत हे नाव आलं आणि मग आपल्याला आपलं कळलं. आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. त्यांनी आई-वडिलांना अ‍ॅरिझोना, युटाहकडच्या रंगीत घळया दाखवल्या आहेत, तुमच्या भिंतींवर ते फोटो आहेत. तसलीच घळ आपल्यापासून एका दिवसाच्या पल्ल्यावर आहे.

डांबरी रस्ता संपला की कच्ची वाट लागते. माती, मग वाळू, मग मोकळे गोटे. वाळूत गाडी डुलते. डुलली की हात आपोआप पुढच्या ब्रेककडे जातो आणि तिथेच माणूस पडतो. शिक्षक पडले. लागलं काही नाही, आरसा फुटला. वहिनी पेगवर उभ्या राहून, वजन मागे टाकून, सरळ निघून गेल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘मी वाळूकडे बघतच नाही, पलीकडच्या बाभळीकडे बघते.’ गाडी जिकडे नजर तिकडे जाते. एवढं एक वाक्य तरुण मुलांनी आजच्या भाषणातून घरी नेलं तरी पुष्कळ.

गाड्या झाडाखाली लावून पुढे पायी. आणि मग एकदम जमीन उघडते. हा शब्द विचार करून वापरतो आहोत. सपाट माळ, करड्या काटेरी झाडांचा, आणि त्याच्यात ही घळ. लाल, केशरी, पिवळा, जांभळट, मधेच दुधासारखा पांढरा, थरावर थर. लाकडाच्या रेषांसारख्या रेषा दगडात. तळाशी हिरवं पाणी, एका डोहातून दुसऱ्यात उतरणारं. पांडव वनवासात इथे राहून गेले, असं आसपासची माणसं सांगतात. जागा अशी आहे की ते ऐकून कुणी वाद घालत नाही.

हे रंग कुठून आले? दगड वालुकाश्म आहे, म्हणजे जुन्या काळी पाण्याने वाहून आणलेली वाळू थरांनी साचून, दाबून झालेला. तो दहा कोटी वर्षांहून जुना. आपल्या सह्याद्रीचा आणि पावागडचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हा दगड आपल्या काळ्या दगडाचा आजोबा. वाळूच्या कणांमधून पाणी झिरपलं, त्याच्याबरोबर लोह आलं. लोह गंजलं की लाल. त्या गंजात पाणी धरून राहिलं की पिवळं-तपकिरी. जिथे लोह धुऊन निघालं तिथे पांढरं. आणि घळही पाण्यानेच कापलेली. पूर येतो, गोटे गरगर फिरतात, दगडाला वाटीसारखे खड्डे पडतात. आपल्यातल्या ज्यांनी पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले आहेत, त्यांना ही कारागिरी ओळखीची वाटेल. हत्यार तेच, फक्त तिथे दगड काळा बेसॉल्ट, इथे रंगीत वालुकाश्म. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाने कच्छच्या दगडांवर कितीतरी वर्षं काम केलं आहे. म्हणजे हा दगड वाचायला शिकवणारी शाळा फत्तेगंजला, आणि आम्ही आयुष्यभर तिच्यावरून फटफट्या हाकत गेलो.

आता ती चूक.

५ नोव्हेंबर होता. गुजरातचं नवं वर्ष २ तारखेला झालेलं, लाभपंचम ६ ला. बेसतां वरसपासून लाभपंचमीपर्यंत गुजरातेत दुकानं बंद असतात, हे इथे तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्याला कुणी सांगायला हवं का? पण आम्ही भुजहून माणशी एकेक लिटर पाणी घेऊन निघालो, ‘पुढे गावात घेऊ’ म्हणून. गावातली दुकानं बंद. तरी पुढे गेलो. त्यातल्या दोन बाटल्या ‘कशाला ओझं’ म्हणून गाड्यांवरच ठेवल्या. दिवाळी होऊन गेली होती, पण थंडीचा पत्ता नव्हता. अर्धा तास उतरू म्हणून उतरलो ते फोटोंच्या नादात दोन तास त्या तापलेल्या दगडांवर राहिलो. अंगात जाड रायडिंग जाकिटं.

फटफटीवर एक फसवणूक होत असते, ती डॉक्टरांनी नंतर समजावली. वाऱ्याने घाम लगेच वाळतो, म्हणून आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. काका सकाळपासून कोरडे होत आले होते. एकच्या सुमाराला ते एका खडकावर बसले आणि म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे.’ काका कधी असं म्हणत नाहीत. पोटऱ्यांत गोळे आले, मग मळमळ, मग चेहरा पांढरा आणि हात गार, चिकट. आमच्या पाच जणांत मिळून तेव्हा अर्धी बाटली पाणी होतं. समोर डोह भरलेला, पण त्यावर हिरवा तवंग, काठाला चिप्सच्या पुड्या आणि बाटल्या, आपल्यासारख्यांनीच टाकलेल्या. मोबाइलला रेंज नाही.

मंडळी, नावातच पाणी असलेल्या दरवाजातून निघालेली माणसं आम्ही, आणि पाण्यावाचून एक माणूस आमच्या हातात थंड पडत होता. काकूंचं वाक्य पाचही जणांना एकाच वेळी आठवलं, पण बोललं कुणीच नाही.

धाकटा गाड्यांकडच्या बाटल्या आणायला पळाला. वहिनींनी काकांना कपारीच्या सावलीत नेलं, जाकीट-बूट काढले, पाय उंच ठेवले, ओढणी डोहात भिजवून मानेवर आणि काखेत ठेवली. तेवढ्यात वरच्या कडेवरून शेरडांचा आवाज आला. एक म्हातारा मालधारी खाली बघत होता. त्याने काही विचारलं नाही. तो उतरला, त्याच्या खांद्याला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली प्लास्टिकची मोठी बाटली होती, ती त्याने वहिनींच्या हातात दिली. पाणी माठासारखं गार. वहिनींनी थेपल्यांच्या डब्यातली लोणच्याबरोबरची मिठाची पुडी काढली, चहासाठी घेतलेली साखर होती ती काढली. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्यांना मुलांच्या लहानपणापासून पाठ. घोट घोट पाजलं. पाऊण तासाने काकांना घाम फुटला आणि ते म्हणाले, ‘फोटो नीट आले का रे?’ तेव्हा भाऊ एका बाजूला जाऊन रडले.

म्हाताऱ्याची बाटली आम्ही रिकामी केली होती. त्याला अजून दिवस काढायचा होता. आम्ही पैसे पुढे केले. तो जरा रागावलाच. म्हणाला, ‘पाणीना ते कांई पैसा होय?’ मग जाता जाता आमच्याकडे नीट बघून विचारलं, ‘क्यांना?’ आम्ही म्हटलं, ‘वडोदरा, पाणीगेट.’ तो ‘पाणीगेट’ एवढंच म्हणाला आणि हसला. ते हसू आम्ही पाचही जणांनी जपून ठेवलं आहे.

परत येताना वहिनींनी बुलेट चालवली, काका धाकट्याच्या मागे. भुजच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. रात्री काकूंचा फोन आला. आम्ही म्हटलं, ‘सगळं छान.’ ही आमची दुसरी चूक.

एक दिवस विश्रांती घेतली. परत फिरावं, असं चौघांचं मत. काका ऐकेनात. शेवटी ते मागे बसतील आणि दर अर्ध्या तासाला गाड्या थांबवून सगळे पाणी पितील, या अटीवर ७ तारखेला निघालो. भुजहून खावड्याच्या वाटेवर कर्कवृत्त ओलांडलं. बन्नीच्या म्हशी रस्त्यावर ऐसपैस बसलेल्या. त्यांना हॉर्न वाजवून उपयोग नाही, त्या उठेपर्यंत थांबायचं. काळा डुंगर, कच्छातलं सर्वांत उंच ठिकाण, सुमारे ४६० मीटर. आणि मग खावड्याहून धोळावीरेचा, घडुली–सांतलपूर मार्गातला तो रस्ता. मोठ्या रणातून सुमारे तीस किलोमीटर, सरळ. डिसेंबरनंतर तिथे पांढरं मीठ दिसतं. आम्हाला दोन्हीकडे पाणीच पाणी. ऑगस्टचं पाणी, आपल्या पुराचं भावंड. आभाळ वर आणि आभाळ खाली, मधून चार गाड्या. आणि ते सगळं खारं. शिक्षकांनी बोट बुडवून चाखलं आणि थुंकले.

तो रस्ता खडीर बेटावर उतरतो, तिथे धोळावीरा. हडप्पा संस्कृतीचं शहर, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी वसलेलं आणि दीड हजार वर्षं नांदलेलं. २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. इतर लोक तिथे किल्ला बघतात, नगराची आखणी बघतात. आम्ही तळी बघितली. दोन ओढे, मनसर आणि मनहर. वर्षातले थोडे दिवस वाहणारे. त्या माणसांनी ओढ्यांवर बांध घातले, पाणी वळवलं आणि शहराभोवती हौदांची माळ केली. एक हौद सुमारे ७३ मीटर लांब, काही ठिकाणी दहा मीटर खोल, पायऱ्यांसकट. भोवती खारं रण आणि मधे गोड पाण्याचं शहर. पावसाचे चार दिवस हातचे जाऊ द्यायचे नाहीत, एवढं ठरवून त्यांनी एवढं केलं. काका हौदाच्या काठावर बराच वेळ बसले होते. म्हणाले, ‘आपल्याला एक लिटरची बाटली खाली नेता आली नाही.’

पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण इथल्या मुलांना तिकडे जावंसं वाटणार. घळीत पाणी कमी पडून माणूस मरतो तसा जास्त होऊनही मरतो. अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये ११ पर्यटक वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता, तो कित्येक मैल वर पडला होता. म्हणून पावसाळ्यात अशा घळीत उतरायचं नाही. डोहात पोहायचं नाही. कडा गुळगुळीत असतात, चढता येत नाही. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखर, दोन वाजेपर्यंत परत. आणि नेलेली प्रत्येक पुडी परत आणायची. आम्ही त्या दिवशी दुसऱ्यांच्या बाटल्या बघून नाकं मुरडली, पण घाईत आमचीही एक तिथेच राहिली. तीही सांगून टाकतो.

९ तारखेला रात्री पाणीगेटला पोचलो. काकूंनी दार उघडलं आणि पहिल्यांदा काकांच्या मनगटाकडे बघितलं. सलाईनच्या सुईचा निळा डाग. आठ दिवस त्या आमच्यापैकी कुणाशीही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलावणं आलं. पाचही जणांना समोर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘किती पाणी नेलं होतंत?’ आम्ही खरं सांगितलं. मग म्हाताऱ्याचंही सांगितलं. ते ऐकून त्या आत गेल्या, डोळे पुसून आल्या आणि म्हणाल्या, ‘त्याची बाटली फिटायची कशी?’

त्याचं उत्तर आम्हाला सुचलं नव्हतं, काकूंनाच सुचलं. बडोद्यात पूर्वी चौकाचौकांत परब असायची. आपले लोक पाणपोई म्हणायचे. माठ, वर ओलं फडकं, पितळी डाव. यंदाच्या गणेशोत्सवात, पहिल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत, मंडळाच्या मंडपाबाहेर परब लावायची असं त्यांनी ठरवलं आहे आणि अध्यक्षांनी होकार दिला आहे. ढोलवाले, बंदोबस्ताचे पोलीस, रिक्षावाले, कुणीही यावं. कोण कुठला हे विचारायचं नाही, कारण आम्हालाही ते आधी कुणी विचारलं नव्हतं. माठ भरायचं काम आमच्या पाच जणांकडे आहे. रोज सकाळी सहाला. ही शिक्षा काकूंनी दिली आहे आणि ती आम्हाला मान्य आहे.

काकू दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे सगळं चारचौघांत सांगायला त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. यंदा दिवाळीनंतर पुन्हा जायचा विचार आहे. तो म्हातारा भेटेल न भेटेल, पण माळावर एक गार पाण्याची बाटली घेऊन थांबून राहू. काका विचारत आहेत, बुलेट कोण चालवणार? वहिनी म्हणतात, त्या.

 गणपती बाप्पा मोरया!